तक्ता शेवटी उघडायचा

पियानोचं रेग्युलेशन आठ दिवसांत शिकवून होतं, असं एका ज्येष्ठ ट्यूनरनी मध्यंतरी आम्हा सात-आठ जणांच्या बैठकीत ठामपणे सांगितलं. मापांचा तक्ता हातात द्या, कुठला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं ते दाखवा, दोन पियानोंवर हात बसवून घ्या, मुलगा तयार. मोशीतल्या माझ्या शेडमध्ये मी तीन मुलांना पहिले दोन महिने नुसत्या पट्ट्या काढायला, पिना घासायला आणि पट्ट्या परत बसवायला लावतो, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मुलांचे दोन महिने मी मातीत घालतो आहे, असं ते सर्वांसमोर म्हणाले. त्यांच्या कानाबद्दल मला मनापासून आदर आहे. इतकं स्वच्छ ट्यूनिंग करणारी माणसं पुण्यात फार थोडी आहेत. म्हणूनच गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून उद्या कुणी खरोखरच आठ दिवसांचा वर्ग काढेल आणि त्यातून निघालेली मुलं चांगल्या चांगल्या वाद्यांना हात घालतील.

ज्यांनी पियानो आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्यूनिंग हे तारांचं काम. सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, त्या स्वरात आणायच्या. पट्टी दाबल्यापासून हॅमर तारेवर आदळून परत येईपर्यंत जे जे हलतं, त्याला अ‍ॅक्शन म्हणतात, आणि ते सगळं एकमेकांशी जुळवणं म्हणजे रेग्युलेशन. ग्रँड पियानोत पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्यात हॅमर ४५ ते ४७ मिलिमीटर वर जातो. तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर जॅक नावाचा तुकडा हॅमरखालून निसटतो, आणि उरलेलं अंतर हॅमर स्वतःच्या वेगाने तोडतो. तो निसटला नाही तर हॅमर तारेलाच दाबून धरेल आणि स्वर जागीच मरेल. ही निसटण्याची युक्ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास साधली. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता यावा, ही सोय सेबास्तियन एरार यांनी १८२१ मध्ये केली. आजचा ग्रँड अजून त्याच बांधणीवर चालतो.

तक्त्यात लिहिलेली असतात ती हीच मापं. पट्टीची खोली इतकी, हॅमरचं तारेपासूनचं अंतर इतकं, लेट-ऑफ, म्हणजे जॅक निसटतो तेव्हाचं तारेपासूनचं अंतर, इतका. मापं खरी आहेत, मीही तीच वापरतो. पण माप कशावरून घ्यायचं, हे तक्ता सांगत नाही. पट्ट्या एका पातळीत आहेत, त्यांच्याखालची चौकट हलत नाही, सगळे स्क्रू आवळलेले आहेत, प्रत्येक सांधा मोकळा तरी घट्ट आहे, हे सगळं गृहीत धरून तो छापलेला असतो. आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पियानोत यातलं एकही गृहीत खरं नसतं.

एक छोटा हिशेब देतो. पट्टीच्या मधल्या पिनेखाली कागदाची गोल चकती घालून पट्टीची पातळी उचलतात. पट्टीचं मागचं टोक जागीच टेकलेलं असतं, म्हणून मध्ये ०.१ मिलिमीटरचा कागद घातला की पुढचं टोक अंदाजे दुप्पट, ०.२ मिलिमीटर उचलतं. पट्टी आणि हॅमर यांच्या चालीचं प्रमाण साधारण एकास पाच. म्हणजे वहीच्या कागदाएवढी जाड चकती हॅमरच्या बाजूला एक मिलिमीटरचा फरक घडवते. लेट-ऑफ सगळा मिळून दीड-दोन मिलिमीटर. आता ज्या मुलाने आधी लेट-ऑफ लावला आणि नंतर पट्ट्या वाकड्या दिसल्या म्हणून सारख्या केल्या, त्याच्या आधीच्या कामाचं काय उरलं? तो पुन्हा लेट-ऑफ लावेल, मग खोली चुकेल, ती दुरुस्त करेल, पुन्हा हॅमर हलतील. अशी मुलं मी पाहिली आहेत. दिवसभर फिरवत राहतात आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी असतात.

मीही त्यांच्यातलाच होतो. पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहातला ग्रँड मी तक्त्यावरून लावला. तीन दिवस खपून अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या मापात आणल्या. हळू वाजवलं तर लोण्यासारखा चालायचा. संध्याकाळी संगीताच्या बाई बसल्या, त्यांनी जरा जोर लावला आणि मधल्या सप्तकांतून लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायला लागला. जोराने दाबलेली पट्टी जास्त खोल जात होती आणि पुन्हा वाजवताना स्वर गळत होते. कारण शोधायला मला आणखी एक दिवस लागला. पट्ट्या ज्या लाकडी चौकटीवर असतात त्या की-फ्रेमच्या मधल्या दांड्याखाली वर-खाली करता येणारे धातूचे पाय असतात. ते खालच्या बैठकीला नेमके टेकलेले हवेत. त्या पियानोत दोन पाय केसभर अधांतरी होते. माझ्या हलक्या बोटाखाली दांडा सरळ राहायचा, बाईंच्या बोटाखाली वाकायचा. मी मापं घेतली होती एका पियानोची आणि त्या वाजवत होत्या दुसराच. आधीचं तीन दिवसांचं सगळं काम मला उसकटावं लागलं.

हे तपासायला बोटाचं पेर पुरतं. दांड्यावर पायांच्या जागी टकटक करायची. पोकळ आवाज आला तर पाय टेकलेला नाही. तो आवाज जाईल इतकाच पाय खाली आणायचा. जरा जास्त झाला तर मधला दांडाच उचलला जातो आणि चौकटीची पुढची कड आपटू लागते. अ‍ॅक्शन वर ठेवून पुन्हा ऐकायचं, कारण तिच्या वजनाने चौकट बदलते. सांगायला दोन मिनिटं लागतात. तो आवाज न चुकता ओळखायला माझ्या मुलांना तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत ती रिकामी बसलेली नव्हती.

मोशीत राहून ही गोष्ट पटवून द्यावी लागते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आमच्या एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नाशिक रस्त्याने गेलं की चाकण. इथल्या घराघरांत फिटर, टर्नर, टूलरूमवाले आहेत. मीही बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आयटीआयला फिटर ट्रेडला गेलेल्या मुलाला पहिले कित्येक दिवस काय करायला लावतात? लोखंडाचा एक ठोकळा व्हाइसमध्ये पकडून कानस मारायला. गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा, फट दिसली की पुन्हा कानस. हाताला फोड येतात. पण त्या मुलाचे दिवस वाया चालले आहेत असं कोणी म्हणत नाही, कारण सपाट म्हणजे काय हे हाताला कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. प्रेस शॉपमध्ये डाय चढवण्याआधी बेड पुसून घेतात. डायखाली बुऱ्याचा एक कण राहिला तर पुढचं सगळं सेटिंग खोटं ठरतं आणि माल रिजेक्ट होतो. तिथे कोणी ऑपरेटरच्या हातात ड्रॉइंग देऊन, मापं यात आहेत, बुरा पुसायची गरज नाही, असं सांगेल का? मग लाकूड, लोकर आणि कातड्याच्या यंत्राला ही सूट का?

सांध्यांचं उदाहरण घ्या. ग्रँडमध्ये एका पट्टीमागे हॅमर, व्हिपेन, रिपिटिशन लिव्हर आणि जॅक असे चार हलणारे भाग, आणि प्रत्येकाला फेल्टच्या अस्तरात फिरणारी, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक पिन. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या ३५२ पिना झाल्या, तारा गप्प करणाऱ्या डँपरच्या वेगळ्या. यातली एखादी घट्ट झाली की हॅमर रेंगाळतो, सैल झाली की डुलतो आणि दर वेळी तारेवर वेगळ्या जागी पडतो. दोन्हींवर तक्त्यात उपाय नाही. पिन काढावी लागते, अस्तर हलकेच रीम करून योग्य जाडीची पिन घालावी लागते. ती किती घट्ट असावी हे मी मुलांना हॅमर सोडून त्याचे झोके मोजायला लावून शिकवतो.

वजनांची परीक्षा तर मुलांना फार आवडते. डँपर पेडलने उचलून ठेवायचे, पट्टीच्या टोकावर ग्रॅमची वजनं ठेवायची. किती वजनाला पट्टी सावकाश खाली जाते ते लिहायचं, आणि किती वजन उचलत ती परत वर येते तेही लिहायचं. समजा दोन पट्ट्या ५२ ग्रॅमला खाली गेल्या. वाजवणाऱ्याला दोन्ही सारख्याच जड. पण एक ३० ग्रॅम घेऊन वर आली आणि दुसरी जेमतेम १४ घेऊन. दोन आकड्यांच्या फरकाचं अर्धं म्हणजे घर्षण. पहिलीत ते ११ ग्रॅम, दुसरीत १९. पहिलीला घर्षणाचा आजार नाहीच, तिचा हॅमर जड आहे किंवा पट्टीत घातलेलं शिसं कमी पडलं आहे. दुसरीत बुशिंग फुगलं असेल, पिन गंजली असेल, सांधा आवळला असेल. बाहेरून एकच तक्रार, आत दोन वेगळी दुखणी. तक्तावाला मुलगा दोघींचे तेच स्क्रू फिरवेल आणि दोन्ही पट्ट्या जडच राहतील.

ही चूक पियानोपुरती नाही. आमच्याकडून दुडुळगावावरून आळंदी जवळ. तिथे वारकरी शिक्षण घेणारी शेकडो मुलं पेटी शिकतात आणि त्यांच्या पेट्या अधूनमधून माझ्याकडे येतात. पट्टीखालच्या झाकणीचं कातडं कडक झालं की ती नीट टेकत नाही, हवा गळते आणि न दाबलेला सूर कुजबुजत राहतो. घाईचा कारागीर कातडं बदलत नाही, स्प्रिंग ताणून ठेवतो. गळती थांबते. पट्टी मात्र इतकी जड होते की तासभर अभंगाला साथ करणाऱ्या पोराची बोटं दुखायला लागतात. महिन्याभरात कातडं आणखी दबतं आणि सूर परत कुजबुजतो. मग स्प्रिंग आणखी ताणायची.

आता हवेचा मुद्दा. बैठकीत सगळ्यात जास्त माना डोलल्या त्या याला. पुण्याची हवा कुठलंच बारीक काम टिकू देत नाही, मग पायाचं काम करून उपयोग काय, असं म्हणणं. हवा वाईट आहे हे खरं. पियानोला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते आणि एप्रिलच्या दुपारी पंचवीसच्याही खाली उतरते. पावसाळ्यात बुशिंगचं कापड फुगून पट्ट्या अडकतात, उन्हाळ्यात लाकूड आक्रसून स्क्रू सैल पडतात आणि अ‍ॅक्शन खडखडते. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. फुगलेलं बुशिंग, सैल स्क्रू, आवळलेली पिन, ही सगळी पायाचीच दुखणी आहेत. हवेने सर्वात आधी बिघडतं ते हेच, आणि नेमकं हेच शिकवू नका म्हणता? बोस्टनच्या किंवा हामामात्सुच्या कारागिरापेक्षा पिंपरी-चिंचवडच्या कारागिराला हे दुप्पट यायला हवं. जुन्या इंग्रज कारखानदारांनासुद्धा ही जाणीव होती. उष्ण प्रदेशांसाठी म्हणून त्यांनी नुसत्या सरसावर न विसंबता सांधे स्क्रूने आवळलेले पियानो बनवले, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत ते अजून सापडतात.

ज्याला पाया शिकवलेला नसतो तो पावसाळ्यात काय करतो, हे मी दरवर्षी बघतो. पट्टी अडकली की तेलाचा फवारा मारतो. दोन दिवस पट्टी पळते आणि मालक खूश होतो. मग तेल फेल्टमध्ये मुरतं, धूळ धरतं, चिकट होतं. जिथे बुशिंग पकडीने हलकेच दाबून किंवा पिन बदलून भागलं असतं, तिथे अख्ख्या सेटचं अस्तर बदलायची वेळ येते. ओल्या जुलैत अडकलेल्या पट्टीवर कानस चालवणारेही मला भेटले आहेत. जानेवारीत तीच पट्टी हिंदकळते.

त्याच बैठकीत कुणी असंही म्हणालं की चांगलं रेग्युलेशन हा उपजत हाताचा गुण आहे, तो शिकवून येत नाही, म्हणून थोडक्यात आटपावं आणि ज्याचा हात असेल तो पुढे जाईल. पॅरिसच्या क्लोद मोंताल यांचं उदाहरण मला इथे द्यावंसं वाटतं. ते पूर्ण अंध होते. अंधशाळेत असताना त्यांनी एका सोबत्याबरोबर जुना पियानो सुटा करून पुन्हा उभा केला. पियानो स्वतः कसा लावावा यावरचं त्यांचं पुस्तक १८३६ मध्ये निघालं आणि पुढे त्यांनी इतर अंधांना हे काम शिकवलं. डोळ्यांनी तक्ता वाचणं त्यांना शक्य नव्हतं. जे होतं ते बोटांना आणि कानाला शिकवलेलं होतं, आणि ते दुसऱ्याला देता आलं. आपल्या मिरजेचंच बघा. तिथले सतार-तंबोऱ्याचे शिकलगार कारागीर मूळचे हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे. पिढ्यान् पिढ्या हात शिकवत ते वाद्यांकडे आले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढणं हे त्यांच्यातलं सर्वांत नाजूक काम. पण घोडी तबलीवर सपाट बसलेली नसेल तर कोणीही जवारी काढायला घेत नाही. आधी बैठक, मग जवारी. हत्याराकडून तंबोऱ्याकडे हात वळू शकतो, तर चाकणच्या टूलरूममधून पियानोकडे का वळू नये? माझ्या तीन मुलांपैकी दोघं फिटर आहेत. त्यांच्यात संगीताचा उपजत गुण किती ते मला माहीत नाही. पाव मिलिमीटर कसा दिसतो ते त्यांना माहीत आहे.

पैशाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. त्यात त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. गिऱ्हाईक ट्यूनिंगचे पैसे देतं, अ‍ॅक्शनचे देत नाही. ग्रँडचं पायापासूनचं काम दोन-चार दिवस खातं आणि मुलाला घरभाडं भरायचं असतं. दोन महिने विद्यावेतन देणं मला जड जातं. पण दोन महिने म्हणजे नासाडी, हे मी मान्य करणार नाही. जर्मनीत पियानो बांधणीची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. बोस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्ये पियानोचा पहिलाच अभ्यासक्रम वर्षाचा आहे आणि त्यावर पुढचं वर्ष वेगळं. तिथली गिऱ्हाइकं काही जास्त उदार नसतात. तिथे आधी शिकवतात, मग पैसे मागतात.

आणि एक गोष्ट त्या ज्येष्ठांच्या स्वतःच्या कामाबद्दल, ती मला बैठकीत बोलायची होती पण राहून गेली. मधल्या आणि वरच्या भागात एका स्वराला तीन तारा असतात. त्या तिन्ही एका पातळीत नसतील किंवा हॅमर तिरका चढत असेल, तर एक तार उशिरा भेटते आणि युनिसन कितीही मिळवलं तरी स्वर धूसर राहतो. ट्यूनरला वाटतं आपलाच कान आज बरोबर नाही. तो पुन्हा पिन फिरवतो, पुन्हा, पुन्हा. हॅमर सरळ चढवायला त्याच्या फ्लँजखाली कागदाची एक पट्टी लागते, आणि ती कुठल्या बाजूला लावायची हे आमचा सर्वांत लहान मुलगाही आता न विचारता सांगतो. ज्यांचं आयुष्य स्वच्छ युनिसन मिळवण्यात गेलं त्यांनी तरी या कामाला मातीत घातलेले दिवस म्हणू नये.

तक्ता आमच्याकडेही आहे. मुलांनी तो नवव्या आठवड्यात उघडला. तोवर हातातल्या पियानोचे स्क्रू आवळून झाले होते, फ्रेम टेकली होती, पिना चमकत होत्या, पट्ट्या आपल्या वजनाने खाली पडत होत्या, हॅमर सरळ चढत होते. त्यानंतर मापं लावायला त्यांना साडेतीन दिवस लागले. काही पट्ट्यांना दुसऱ्यांदा हात लावावा लागला, सगळ्यांना नाही.

त्या पियानोच्या प्रत्येक पट्टीची दोन्ही वजनं आम्ही एप्रिलमध्ये वहीत उतरवून ठेवली आहेत. आळंदीहून पालखी निघते त्या सुमाराला हवा पूर्ण ओली झालेली असते. त्या आठवड्यात आम्ही अठ्ठ्याऐंशी पट्ट्या पुन्हा मोजणार आहोत. काही नक्की बिघडलेल्या असतील. कुठल्या आणि कशामुळे, हे मुलं स्वतः शोधणार आहेत, मी मध्ये बोलणार नाही. त्या ज्येष्ठांनी तेव्हा मोशीला यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सकाळी लवकर आलात तर बरं, दुपारी पत्र्याखाली फार तापतं.